पिशवी तेवढी परत करा

२६ नोव्हेंबर

आज जेवताना वच्छलेने स्पष्ट सांगितलं की मधली खोली रिकामी झाली पाहिजे. अपेक्षाचं पहिलं बाळंतपण, ते माहेरी, आणि आमच्या घरात थंडी-वारा न लागणारी खोली ती एकच. पुढच्या महिन्यात पोरगी मारेगावहून येईल.

"एक तं तिथं पोट्टी राहीन, नाहीतं तुमच्या चिंध्या. दोन्ही मावत नाही."

चिंध्या हा शब्द मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो, कारण तो चूक आहे. मधल्या खोलीत आहे ते गोधडीचं कापड आहे. जिचा उपयोग ठरलेला नाही ती चिंधी. माझ्याकडच्या प्रत्येक तुकड्याचा उपयोग ठरलेला आहे. तो फक्त अजून झालेला नाही.

माझा धंदा मोटार वायंडिंगचा. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. सुरुवातीला लोकांच्या मोटारी जाळल्या, शिव्या खाल्ल्या, आणि जळालेली मोटार उघडून आपलं कुठे चुकलं ते स्वतःच पाहिलं. आज दारव्ह्याच्या चारही बाजूंच्या विहिरींवर माझ्या हातची मोटार पाणी ओढते. मागच्या हिवाळ्यात मागच्या गल्लीतल्या रुपीबाईंच्या अंगणात गोधडी वाळत घातलेली दिसली. रुपीबाई तांड्यावरून मुलाकडे राहायला आल्या तेव्हापासून साऱ्या मोहल्ल्याच्या गोधड्या त्यांच्याच हातच्या. मी जवळ जाऊन कोपरे पाहिले. एकही काटकोनात नव्हता. तिथेच ठरवलं की हे काम आता आपण हातात घ्यायचं. तांब्याच्या तारेचे वेढे एकावर एक न चढू देता बसवणाऱ्या माणसाला धावदोरा काय जड?

तेव्हापासून तयारी चालू आहे. गोधडी अजून एकही झालेली नाही हे खरं. पण घाईचं काम कसं होतं ते मी रोज दुकानात जळक्या वासावरून ओळखतो.

२८ नोव्हेंबर

दुकान बंद ठेवून कापड कमी करायला बसलो. चण्याला पाणी द्यायचे दिवस आहेत, बाहेर चार जण मोटार घेऊन उभे होते. त्यांना उद्या या म्हटलं.

तीन ढीग करायचे ठरवले. ठेवायचं, द्यायचं आणि ज्याचा विचार करायचा ते.

अडचण अशी की माझी मांडणी रंगाप्रमाणे आहे आणि रंगांची नावं मीच ठेवलेली आहेत. दुकानदार ज्याला नुसतं 'पिवळं' म्हणून मोकळा होतो, त्यात तुरीचं फूल वेगळं, झेंडू वेगळा आणि काविळीचा डोळा वेगळा. काविळीचा डोळा विटकरीच्या शेजारी ठेवला की दोघंही मरतात. पण तोच कपाशीच्या वाळल्या पळाटीच्या रंगाजवळ ठेवला तर असा काही उठतो की पाहत राहावं. आता यातला एक दिला तर दुसऱ्याचं काय करायचं? म्हणून ते दोन्ही विचाराच्या ढिगात गेले.

संध्याकाळी विचाराचा ढीग पंख्याच्या पात्यांना लागला. द्यायच्या ढिगात एक नाडा होता.

वच्छला दारात येऊन उभी राहिली. नाड्याकडे पाहून म्हणाली, "बाप्पा! बरंच निघालं की."

तो नाडाही मी मग परत ठेवला. सुती होता.

३० नोव्हेंबर

मार्ग सापडला. कापड फेकायचं नाही, विकायचं नाही. ज्यांना कदर आहे अशा घरी पिशवी पिशवी भरून द्यायचं. घरोघरी हिवाळ्यात बायका गोधडीला टाके घालतातच. त्यांना चांगलं कापड मिळेल आणि माझी खोली मोकळी होईल.

पिशव्यांचं लिहून ठेवलं पाहिजे. या पिशव्या जाड मांजरपाटाच्या, मी स्वतः शिवलेल्या. बंद जिथे पिशवीला मिळतो तिथे चौकोन आणि चौकोनात फुली, अशी शिलाई आहे. त्यात एखादी लहान मोटार घालून चालत गेलं तरी बंद तुटणार नाही. मी तसं चालून पाहिलं आहे. बाजूला इनॅमलने माझं नाव घातलंय. गोधडीच्या आधी हात बसावा म्हणून त्या शिवल्या होत्या. त्यामुळे कापड जाईल तर जाऊ दे, पण पिशवी देता येणार नाही. हे प्रत्येकाला देतानाच सांगायचं.

२ डिसेंबर

वाटप झालं. शेजारच्या कौसल्याबाई, त्यांच्या पलीकडचे मास्तर, पिठाची गिरणी, सोनीबाईंचं घर, अशी सगळी आळी केली. प्रत्येक दारात तेच सांगितलं, "कापड तुमचं, पिशवी तेवढी परत करा."

कौसल्याबाई म्हणाल्या, "काहो पंजाबभाऊ, आज काय मरण-बिरण जवळ आलं का? चक्क वाटून राह्यले?"

मी हसलो. देताना वरचा तुकडा एकदा परत काढून पाहिला, पण तो फक्त घडी नीट करायला. मधल्या खोलीत खिडकीजवळची फरशी दिसायला लागली. फरशी लाल आहे हे मी विसरलो होतो.

४ डिसेंबर

कौसल्याबाई पिशवी परत करायला आल्या. पिशवी भरलेली होती. आत त्यांच्या सासूची दोन जुनी लुगडी आणि पडद्याचं उरलेलं कापड.

मी म्हटलं, "हे काय?"

"रिकामी पिशवी कशी देऊ भाऊ? बरं दिसते का?"

बरोबरच आहे. शेजारणीचं भांडं आपणसुद्धा कधी रिकामं परत करत नाही. वाटीभर वरण आलं तर वाटीत निदान साखर तरी घालूनच पाठवतो. मी त्यांच्यासमोरच लुगड्याचा एक धागा काढून काडीने पेटवला. गोळी झाली की समजायचं पॉलिस्टर. इथे कागद जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात भुरभुरली. अस्सल सुती! रंग तर असा की जांभूळ बोटाने चिरडल्यावर नखात राहतो तो. माझ्याकडे नेमका तोच नव्हता.

संध्याकाळपर्यंत गिरणीवाल्यांची पिशवी आली, मास्तरांची आली. सोनीबाईंच्या पिशवीत तर इतकं दाबून भरलं होतं की बंद ताणले गेले होते. शिलाई मात्र हलली नाही.

लोकांना माझी पारख कळली आहे, असा याचा अर्थ. योग्य माणसाकडे कापड आपोआप येतं.

खिडकीजवळची फरशी परत झाकली गेली. वच्छलेने भाजीला फोडणी जरा जोरात दिली.

७ डिसेंबर

लहान पिशव्यांनी काम होणार नाही हे ओळखून आज सर्वांत मोठी पिशवी घेऊन रुपीबाईंकडे गेलो. म्हटलं, खरी जाणकार बाई, एकदम पुष्कळ घेईल.

रुपीबाईंनी चहा केला. पिशवीतलं कापड बोटांनी चाचपून पाहिलं, खूश झाल्या. मग विचारलं, "आतापर्यंत किती शिवल्या, पंजाबभाऊ?"

मी त्यांना तयारी समजावून सांगितली. रंगांची मांडणी, धाग्याची परीक्षा, काटकोनासाठी मी लोखंडी पट्टीचा केलेला साचा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अन् कात्री कवा लावता?"

"शेड जुळली की."

"कापडाले भेता काय तुमी?"

हा प्रश्नच अज्ञानातून आलेला आहे. चालत्या मोटारीत हात घालणारा माणूस मी, मांजरपाटाला भिईन?

निघताना त्यांनी मुलाला हाक मारून आतल्या माळ्यावरून गाठोडी खाली काढायला लावली. एक झालं, दुसरं झालं. मी नको नको म्हणत होतो. "तुमची पिशवी खाली हातानं कशी पाठवू? माहे आता डोये काम करत नाही. तुमच्यासारखा कदरदान मले कुठं भेटन?" डोळ्याला पदर लावला बिचारीने. पदराआड त्यांचे खांदे हलत होते, फार भरून आलं असावं.

ऑटो करावा लागला. ऑटो वळला तेव्हा मागे त्या आणि त्यांची सून मोठमोठ्याने हसत होत्या. पोराने काही विनोद केला असेल. सून म्हणत होती, "माळा मोकळा झाला वं बाई!"

घरी आल्यावर वच्छलेने ऑटोवाल्याला विचारलं, "भाऊ, हे उतरवाचं की चढवाचं आहे?"

१० डिसेंबर

जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बाई आज गल्लीत आली. वच्छलेनेच तिला हात धरून आत आणलं.

बाईने मधल्या खोलीत पाऊल टाकलं आणि थांबली. म्हणाली, "भाऊ, हे कपडे नाहीत, तुकडे आहेत. सदरा आणा, साडी आणा, पँट आणा. तुकड्याचं मी काय करू?"

मी तिला बसवून समजावलं. हे टू-बाय-टू रुबिया आहे, आता या मोलाचं निघत नाही. हे केंब्रिक पाहा, उन्हाकडे धरा, वीण कशी दिसते. काडी पेटवून राख दाखवली. तिच्या बोटावरही थोडी लावली. जांभळ्याच्या दोन छटांमधला फरक तिला दिसत नव्हता, म्हणून दोन्ही दारात नेऊन उजेडात दाखवले.

शेवटी तिने टोपलीतून एक चमचा काढून माझ्या हातात ठेवला आणि कापड न घेताच निघून गेली.

वच्छला म्हणाली, "चमचा तं आला. पंधरा दिवसाले एक आला तं पोट्टीच्या बाळाले उष्टावणापर्यंत डझन होते."

१४ डिसेंबर

चूक लक्षात आली. मी जवळच्या लोकांना देत होतो. जवळच्या माणसाला पिशवी परत करायला सोपं जातं. म्हणून दूर पाठवायचं. जावई अमरराव कामासाठी दारव्ह्याला आले होते. त्यांच्याबरोबर मारेगावला विहीणबाईंसाठी तीन पिशव्या पाठवल्या.

वच्छलेने डोक्याला हात लावला. "विहिणीले? अवो, तुम्ही विहिणीले पिशवी पाठवली?"

"उत्तम कापड आहे."

"अन् परत मागतली काय?"

"अर्थातच."

ती पाटावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. बायकांना माहेर-सासरच्या देण्याघेण्याची उगीच धास्ती असते.

१८ डिसेंबर

मारेगावहून जीप आली. टपावर दोर बांधलेला होता.

विहीणबाईंनी मान ठेवला. पिशव्या तर भरलेल्या होत्याच, पण पिशव्यांत मावलं नाही म्हणून गाठोडी, आणि गाठोड्यांत मावलं नाही म्हणून एका जुन्या गादीच्या खोळीत कोंबून पाठवलं होतं. अमररावांच्या आजीच्या काळापासूनचं सारं घर झाडून काढलेलं दिसत होतं. वर एका कागदाच्या पुड्यात पेढे. जीपवाला म्हणाला, "मारेगावात बाईंनी साऱ्या भावकीत सांगितलं, व्याह्याले कापड लागते म्हणून. अजून येऊन राह्यलं मागून."

मधल्या खोलीचं दार आता अर्धंच उघडतं. मी आडवा होऊन आत शिरतो. वच्छलेला जमत नाही.

तिने मला ओट्यावर बसवलं आणि लहान पोराला सांगावं तसं हळू सांगितलं, "हे पाहा. तुम्ही कापड द्या. पण पिशवी मागू नोका. बस. एवढंच करा."

"पिशवी माझी आहे."

"हो ना. तुमचीच आहे. पण मागू नोका."

"मग माझ्या शिलाईच्या पिशव्या लोकांकडे पडून राहतील."

"राहू द्या!"

पिशवीचा आणि कापड वाढण्याचा काही संबंध आहे असं तिचं म्हणणं दिसतं. मी बराच विचार केला. मला तो काही दिसत नाही. पिशवी एका मापाची आहे, ती भरून जाते आणि भरून येते, यात पिशवीचा काय दोष?

२२ डिसेंबर

अपेक्षा आली. सांगितल्यापेक्षा चार दिवस आधीच आली, कारण अमररावांना पुढे सुट्टी नव्हती.

पोरीने मधल्या खोलीच्या दारातून डोकावलं आणि हसायलाच लागली. हसता हसता पोटाला हात लावून खाली बसली. "बाबा, इथं तं जुळं झालं तरी पांघरूण कमी नाही पडणार."

"पण झोपाले जागा?" वच्छला म्हणाली.

पोरगी बाहेरच्या खोलीत झोपते आहे, दुकानाच्या दाराला लागून. त्या दाराच्या फटीतून पहाटे असा गारठा येतो की वार्निशसुद्धा आळतं. मी फटीत तीन पदरी कापड कोंबलं. हिरव्यातलं, ज्वारीच्या कोंबाचं. कोंबताना वाईट वाटलं, पण पोरीला सकाळी शिंका येत होत्या.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, बाळाले तुमच्या हातचं एक दुपटं पाह्यजे मले. बस एक. लहानसं."

दुपटं म्हणजे बाळाला गुंडाळायचं दोन पदरांचं कापड. गोधडीपुढे काहीच नाही. मी लगेच हो म्हटलं. आराखडा काढला. मध्ये चौकोन, भोवती त्रिकोण, काठाला पट्टी. साचा ठेवला. खडूने रेघ मारली. कात्रीला धार लावून आणली.

रेघ चांगली आली होती. मोडायला नको वाटली.

२४ डिसेंबर

वच्छलेने गादीवाल्याला बोलावलं आहे. त्याच्याकडे यंत्र आहे. त्यात कापड घातलं की दुसऱ्या बाजूने करड्या रंगाचा कापूस निघतो आणि तो बसच्या सीटमध्ये भरतात. परवा दुपारी तो गाडी घेऊन येणार.

मी म्हटलं, "काविळीचा डोळा बसच्या सीटमध्ये जाईल?"

"जाईन. अन् त्यावर कोणीतरी बसन."

अपेक्षासमोर वाद घातला नाही. ती बाहेरच्या खोलीत शाल गुंडाळून बसली होती आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल होता. तो लाल मला पाहवला नाही. गादीवाल्याला येऊ द्या म्हटलं. मग दुकानात जाऊन एक मोटार उघडली आणि परत तशीच लावून टाकली.

२६ डिसेंबर, दवाखाना, यवतमाळ

हे आठवेल तसं लिहितो. मागे-पुढे होईल.

तारीख जानेवारीच्या मधली होती. पण आज सकाळी अपेक्षाच्या पोटात कळा सुरू झाल्या. गाडी बोलावली. वच्छला पोरीला धरून गाडीत बसली आणि तिथूनच ओरडली, "जुनं सुती कापड घ्या! बाळाले लागते! मऊ पाहा अन् चला!"

मी मधल्या खोलीत शिरलो. इतकं कापड आणि हातात काही येईना. मुलगा की मुलगी हे माहीत नाही, रंग कोणता घ्यायचा? मलमल घेतलं, ते जरा विटकं होतं. रुबिया घेतलं, ते बाळाच्या अंगाला कडक. जांभळ्याचा रंग जाईल की काय याची खात्री नव्हती, म्हणून ओला अंगठा चोळून पाहत होतो. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. अपेक्षा ओरडली, "बाबाऽऽ! कोणतंही!"

मग मी डोळे मिटले आणि दाराजवळच्या सगळ्या पिशव्याच उचलल्या. गाडीत पायाजवळ पिशव्या, मांडीवर पिशव्या. ड्रायव्हरने विचारलं, "काका, दुकान टाकाचं काय तिकडं?"

दवाखान्यात अपेक्षाला आत नेलं. थोड्या वेळाने एक सिस्टर बाहेर आली. "अपेक्षाचे कोण? बाळाला कापड द्या, मऊ, धुतलेलं."

मी पिशवी पुढे केली आणि सांगायला सुरुवात केली. "हे पाहा, यात वरचा थर मलमलचा आहे, त्याच्या खाली केंब्रिक, पण त्याला अजून पाणी..."

सिस्टरने हात घालून जे आलं ते ओढलं. जांभळं लुगडं होतं. तिने काठ दाताखाली धरला.

टर्रर्र.

मी बाकावर बसलो.

तिने दुसऱ्यांदा फाडलं, तिसऱ्यांदा फाडलं, तुकडे खांद्यावर टाकले आणि आत गेली. आतून रडण्याचा आवाज आला. लहान, पण चांगला दमदार, नवी मोटार पहिल्यांदा पाणी उचलते तेव्हा जसा करते तसा. मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत.

मला दाखवायला आणलं तेव्हा ती त्या लुगड्याच्या तुकड्यात होती. मी आधी चेहरा पाहिला, मग तुकड्याची कड पाहिली. आणि चकित झालो. कड सरळ होती! पट्टी न लावता, साचा न ठेवता, खडूची रेघ न मारता. धागा धागा मोजून पाहावा अशी सरळ. सुती कापड फाडलं की ते आपल्याच धाग्याने फाटत जातं, इकडे तिकडे जातच नाही. कात्रीने जे मला जमेल की नाही असं वाटत होतं, ते दातानेसुद्धा काटकोनात येतं. एवढी साधी तांत्रिक गोष्ट वर्षभर मला कुणी सांगितली नाही.

शेजारच्या बाकावर बाभुळगावची एक आजी बसली होती. तिची सून आत होती. ती हळूच म्हणाली, "दादा, घाईत आलो आम्ही. एखादा तुकडा भेटन काय?"

मी म्हटलं, "केवढा पाहिजे?"

टर्रर्र.

मग पलीकडच्या माणसाने मागितला. तो तर नुसता बनियन घालून बसला होता, सदरा बाळाला गेला होता. त्याला दिलं. मग एका बाईला दिलं. ती म्हणाली, लंगोटाचे चार करून द्या. दिले. आडवं फाडलं, उभं फाडलं. तुरीचं फूल फाडलं. काविळीचा डोळा फाडताना मनात काहीच आलं नाही, कारण तोपर्यंत दुसरी सिस्टर विचारायला आली होती. दुपारी वच्छला बाहेर आली तेव्हा मी बाकावर मधोमध बसलो होतो आणि दोन्ही बाजूंना लोक उभे होते.

ती म्हणाली, "अवो, हळू. दवाखान्यात आहो आपण."

फाडताना आवाज होतोच, त्याला इलाज नाही.

२७ डिसेंबर

सिस्टर म्हणाल्या की इथे रोज कुणी ना कुणी असं येतं, हाताला लागेल ते घेऊन, नाहीतर काहीच न घेता. मी दारव्ह्याला परत गेलो. कुलूप पाहून काल परत गेलेला गादीवाला आज दारात येऊन उभा होता. त्याचीच गाडी भाड्याने घेतली. मधली खोली त्यात भरली आणि यवतमाळला आणली. गादीवाला वाटेत म्हणाला, "काका, आमच्या यंत्रात गेलं असतं तं एकाच फेरीत काम झालं असतं."

मी त्याला तुरीच्या फुलाचा आणि काविळीच्या डोळ्याचा फरक समजावला. त्याने गाडी जरा वेगात घेतली.

धुण्याची रीत मी देताना प्रत्येकाला सांगितली. पहिल्यांदा गरम पाणी, साबण कमी, पिळायचं नाही. काहींनी ऐकलं.

आता पिशव्या कुठे आहेत हे मला नीट सांगता येणार नाही. एक बाभुळगावच्या आजीने नेली. बाकीच्या लोकांच्या हातात दिसत होत्या. गर्दीत मागायचं राहून गेलं.

२ जानेवारी

घरी आलो. अपेक्षा आणि तिची पोरगी मधल्या खोलीत. खोलीत बोललं तर आवाज घुमतो. पोरगी रडली तर दोनदा ऐकू येते.

रुपीबाई बाळ बघायला आल्या. आधी खोलीच्या चारही भिंती पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे. "माहं कापड कुठं गेलं, भाऊ?"

मी सांगितलं, सध्या ते जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत आहे.

दुपट्याचं काम मी दवाखान्यातच सुरू केलं होतं, उरलेल्या तुकड्यांवर. आराखडा मोडला. चौकोन आणि त्रिकोण ठेवले नाहीत, नुसत्या पट्ट्या फाडल्या आणि जोडल्या. रुपीबाई शेजारी बसून माझा धावदोरा पाहत होत्या. बाईचे डोळे तर उत्तम चालतात, लांबून दोष दिसतात त्यांना.

"हा टाका मोठा पडला."

"हो."

"हा दोन्ही पदरातून गेला नाही."

"बरं."

"कोपरा वाकडा आला."

मी पाहिला. आला होता. मी म्हटलं, "राहू द्या. पोरगीही एका कुशीवर वाकडीच झोपते."

रुपीबाई म्हणाल्या, "आता जमन तुमाले."

त्यांना हे आता कळलं. मला वर्षापूर्वीच माहीत होतं.

४ जानेवारी

दुपटं झालं. ही माझ्या हातची पहिली पूर्ण वस्तू. (पिशव्या धरल्या तर पहिली नव्हे, पण पिशव्या आता धरत नाही.) सकाळी अपेक्षाने बाळाला त्यात गुंडाळलं. वच्छलेनेसुद्धा दोन्ही बाजू उलटून पाहिल्या आणि म्हणाली, "बरं झालं." तिच्याकडून हे फार झालं.

बाळाने पाचच मिनिटांत ते ओलं केलं. नुसतं ओलं नाही, सर्व बाजूंनी.

"दुसरं आणा!" आतून वच्छलेची हाक आली.

मी उठलो. मधल्या खोलीत पाहिलं, कपाट पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. साऱ्या घरात कापडाचा म्हणून एक तुकडा नव्हता. नाडासुद्धा नव्हता. धुतलेले लंगोट दोरीवर गार, ओले.

"अवो, आणून राह्यले ना? पोट्टी थंडी पडते!"

मी अंगातला सदरा काढला. पांढरा, पॉपलीनचा, शंभर टक्के सुती, दोनदा धुतलेला म्हणजे मऊ. काठाला दातांनी जरा फट पाडली आणि ओढला.

वच्छला आवाज ऐकून बाहेर आली आणि किंचाळली, "अवो! बारशाले घालाचा होता ना तो!"

मी दोन्ही तुकडे उजेडाकडे धरून पाहिले. अगदी सरळ फाटला होता.